आईचा पितळेचा शेर

सन १९७४. मी तेवीस वर्षांचा. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मुंबईला निघालो त्या सकाळी मी वळकटी घेऊन अंगणात उभा होतो आणि माझी बायको शालू मला वाटेत खायला भात बांधून देणार होती. तिने तांदळाच्या डब्यातला पितळेचा शेर उचलला. आईने तो तिच्या हातातून काढून घेतला. "आधी पोर होवंदे, मगे शेराक हात लाव." मग स्वतः तांदूळ मोजून घातले. रिकामा शेर डब्याच्या काठावर आपटला, ठण्ण. शालूने हात पदराला पुसले, जसं काही त्यांना खरकटं लागलं होतं.

मी बघितलं आणि येष्टीत जाऊन बसलो. बापयमाणसाने चुलीत नाक घालायचं नाही, असं आमच्यात होतं. मीही तसाच होतो. गावाकडच्यांनो, तुम्हाला हे नवीन नाही. आणि माझ्यासारखे जे इकडे आले, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं की त्यांच्याकडे असं काही नव्हतं.

मी लालबागला गिरणीत लागलो. गावच्या मंडळींच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचो. दोन वर्षांनी धाकट्या भावाचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत त्याला मुलगा झाला, वसंता. बारशाच्या दिवशी आईने शेर धाकटीच्या हातात दिला. शिमग्याला गेलो तेव्हा बघितलं, धाकटी मोजतेय आणि थोरली, म्हणजे शालू, समोर सूप धरून उभी. कोणाला किती भात, कोणाला माहेरी कधी पाठवायचं, म्हशीचं दूध कोणाच्या पोराला, सगळं त्या शेरामागे गेलं. पोरगी तीच, कालपर्यंत शालूला घाबरणारी. पोर झालं आणि तिचा आवाजच बदलला.

निघताना शालू बांधापर्यंत आली. म्हणाली, "मला घेऊन चला. नायतर मी इथे उभ्या उभ्या वाळेन."

"खोली मिळू दे," मी म्हटलं. खोली मिळायला आणखी दोन वर्षं गेली.

चाळीतली ती दहा बाय बाराची खोली. शालू तिथे कान तुटलेल्या कपाने तांदूळ घ्यायची, तेही कधी भरून, कधी वर शीग लावून. शेजारीण आली की तिलाही वाढायची. तेव्हा ती गात असे. मला वाटलं, तो शेर गावाला राहिला, सुटलो.

मग १९८१ साली दिनेश झाला. आणि मी माती खाल्ली. गिरणीतून आलो आणि चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या हाताने आईला पत्र लिहिलं: मुलगा झाला. थोरलीचा मान थोरलीला मिळू दे. शेर पाठव. मला कोणी सांगितलं नव्हतं. शालूनेही मागितला नव्हता. माझी मान ताठ व्हायला पाहिजे होती. गावच्या एका माणसाबरोबर आईने शेर पाठवला, फडक्यात बांधून, वर हळदकुंकू. शालूने तो दोन्ही हातांनी घेतला. तो कप दुसऱ्या दिवशी दिसला नाही.

आता चाळ पडली, तिथेच टॉवर उभा राहिला. आम्ही बाविसाव्या मजल्यावर. लिफ्ट, इंटरकॉम, खाली वॉचमन. किचनमध्ये सगळं स्टीलचं, त्यात पितळ एकच. रोज संध्याकाळी ठण्ण वाजतं. मोजते शालू आणि समोर भांडं धरून उभी असते आमची सून मृणाल. ऑफिसातून दमून आलेली. घराचा मेंटेनन्स तिच्या पगारातून जातो, पण डब्याला हात नाही. लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नाही. शालू तिला अजून "नवी" म्हणते.

दिवाळीपासून मृणाल बोलायची कमी झाली. मग मला एक दिसलं, जे घरात दुसऱ्या कोणाला दिसलं नाही. तिचे दोरीवरचे कपडे कमी होत होते. आठवड्याला एक साडी, एक ड्रेस ऑफिसच्या पिशवीतून बाहेर जायचा, परत यायचा नाही. ती भांडत नव्हती. थोडी थोडी करून निघून चालली होती.

शनिवारी संध्याकाळी शालूने उद्यासाठी एक शेर जास्त मोजून ठेवला. मी विचारलं, कोण येणार?

"धाकटीचा वसंता येतोय उद्या गावाहून. बरोबर मुलीचे वडील. सहज बघून जातील. दिनेशचं वय काही गेलं नाही अजून. हिच्याशी सोडचिठ्ठीचं मग बघू."

मृणाल तिथेच उभी होती, हातात भांडं. दिनेश मोबाईलमध्ये बघत राहिला. माझाच मुलगा तो, अंगणात उभा असलेला मी.

"शालू, अगं तू सूप धरून उभी राहिलीस ना?"

"राहिले ना. सहा वर्षं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?" ती ओरडली नाही. "आता मधे बोलू नका. शेर तुम्हीच मागवलात. मी नव्हता मागितला."

खरं होतं ते. मृणालने भांडं ओट्यावर ठेवलं आणि आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. रिकाम्या कपाटाचा आवाज वेगळा असतो.

पन्नास वर्षांत मी आधी गावाला घर म्हटलं. मग चाळीला म्हटलं, मग ह्या टॉवरला. सगळीकडे तोच शेर. मला आता एवढंच कळतं, बाईला हात पसरल्याशिवाय जिथे तांदूळ घेता येतात ते घर. तसं घर माझं दोन वर्षं होतं, आणि ते मी पत्र लिहून मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, डब्यातून शेर काढला आणि लिफ्टने खाली गेलो. वॉचमनची खुर्ची मागून घेतली, लिफ्टच्या दारासमोर लावली आणि शेर मांडीवर ठेवून बसलो. नऊच्या सुमाराला वसंता आला, मागे कडक इस्त्रीतले एक गृहस्थ, हातात मिठाईचा पुडा.

"काकानू, तुमी हयसर खाली कित्याक?"

मी उठलो नाही.

"वसंता," मी म्हटलं, "परतीची येष्टी किती वाजता?"