गेर्डाचे तीन नियम आणि चार किलो बटाटे

डेन्मार्कमधल्या आमच्या गावात बँक होती तेव्हा गेर्डा थ्युबो ही त्या बँकेची तीन नंबरची खिडकी होती. खिडकीत बसायची असं मी म्हणत नाही, कारण अडतीस वर्षांत खिडकी कुठे संपते आणि गेर्डा कुठे सुरू होते हे सांगणं कठीण झालं होतं. मग वरच्या शहाण्या साहेबांना शोध लागला की लोकांना बँक नको असते, मोबाइल हवा असतो. शाखा बंद झाली. आता तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आहे, आणि तीन नंबरच्या जागी ओल्या पूडलना वारा घालतात. गेर्डा त्या रस्त्याने जात नाही. चर्चला यायला तिला सात मिनिटं जास्त लागतात, पण ती फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, काठाने वळसा घालून येते.

मी बोदिल. त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि गेर्डाच्या शेजारी राहते. लोक म्हणतात माझी जीभ तिखट आहे. लोकांचं काय, लोक काहीही खरं बोलतात.

बँक गेल्यावर गेर्डाला करायला काही उरलं नाही. नवरा नाही, मूल नाही, बागेत एक सफरचंदाचं झाड आणि तेही शिस्तीत वाढलेलं. मग आमच्या पाद्रीणबाईंना एक कल्पना सुचली. दरवर्षी वसंतात गावातली चौदा वर्षांची पोरं कन्फर्मेशनला उभी राहतात, देवापुढे हो म्हणतात आणि त्या बदल्यात नातेवाइकांकडून पाकिटं गोळा करतात. पोरांचा देवावर किती विश्वास असतो ते देव जाणे, पाकिटांवर पुष्कळ असतो. दुसऱ्या दिवशी, ज्याला आम्ही निळा सोमवार म्हणतो, शाळेला सुट्टी, आणि ही नवी भाविक मंडळी शहरात जाऊन पैसे उडवतात. तर पाद्रीणबाई म्हणाल्या, मंगळवारी प्रार्थनेच्या तासानंतर गेर्डाने पोरांना पैशाचं शहाणपण शिकवावं.

झालं. गेर्डाला पुन्हा खिडकी मिळाली.

तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत तीन नियम लिहिले. पहिला: बँक कधीही फोन करून कोड मागत नाही. दुसरा: जो घाई करतो त्याचा फोन ठेवून द्या. तिसरा: फसलात आणि लाज वाटली, तर लाज वाटते म्हणूनच लगेच सांगा. मी मागे बसून स्वरलिपीचे कागद लावत असायची, त्यामुळे आठही मंगळवार मला फुकट ज्ञान मिळालं.

एका मंगळवारी मॅग्नस नावाचा एक लांबुळका मुलगा म्हणाला, "बाई, एक जण म्हणाला, दोन दिवस तुझं खातं वापरायला दे, पाचशे क्रोनर देतो. यात वाईट काय?"

"काही नाही," गेर्डा म्हणाली. "उद्या एक जण म्हणेल, चोरी करून येतो, तोवर तुझा चेहरा वापरायला दे. तोही दे. पोलीस चेहरा ओळखून तुझ्या घरी येतील, तो पाचशे देऊन गेलेला असेल."

पोरं हसली. मॅग्नसने पाचशेचा विचार सोडला असावा, निदान तेवढा वेळ तरी.

दुसऱ्या एका मंगळवारी तिने पार्सलच्या निरोपाचं उदाहरण दिलं. मोबाइलवर निरोप येतो, तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा आणि एकोणीस क्रोनर भरा. माणूस दाबतो आणि खातं रिकामं होतं. "कोण दाबतं हो असलं?" कुणीतरी विचारलं. मी तेव्हा कागद गोळा करून ऑर्गनचं झाकण लावायला गेले. ते झाकण दिवसातून एकदा लावावंच लागतं.

त्या वर्षीच्या पोरांत आल्बेर्टे होती, गेर्डाच्या भावाची, प्रेबेनची मुलगी. तिला आठवीनंतर एक वर्ष फ्यून बेटावरच्या शिडाच्या जहाजांच्या शाळेत राहायला जायचं होतं. आमच्याकडे बरीच मुलं असं एक वर्ष घराबाहेर काढतात आणि मग आईबापांना ती पुन्हा आवडू लागतात. प्रेबेनने सांगून टाकलं होतं, "निम्मे मी घालतो, निम्मे तुझ्या पाकिटांतून. एक जूनला शाळेला पैसे गेले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाते." आल्बेर्टेने भिंतीवर बोटीचं चित्र लावलं. निळ्या सोमवारी तिने शहरात फक्त एक आइस्क्रीम खाल्लं, हे गेर्डाने मला चार वेळा सांगितलं.

आता गाण्याकडे येते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आमच्यात मेजवानीला गाणं लागतं. नातेवाईक एखाद्या जुन्या चालीवर कडवी जुळवतात, त्यात ज्याची मेजवानी त्याचा जन्मापासूनचा सगळा पाढा असतो, कागद छापून प्रत्येक ताटाशी ठेवतात, आणि अख्खं टेबल भाजलेल्या मांसाच्या आणि केकच्या मध्ये ते गातं. शेवटी हुर्रे. गेर्डाने आल्बेर्टेसाठी एकोणीस कडवी लिहिली. जन्मतारीख होती, मांजराचं नाव होतं, पहिल्या शाळेचं नाव होतं. शेवटचं कडवं आत्याने स्वतःला बहाल केलं होतं:

अडतीस वर्षं खिडकी तीन, आत्याच्या हाती चावी;
कार्ड येईतो पोरीची ठेव आत्याच्या खाती राहावी!

कारण पाकिटं रोख होती. बाकी सगळे मोबाइलवरून पैसे पाठवतात, पण गेर्डाने नातेवाइकांकडे हट्ट धरला होता, पैसा हाताला लागला पाहिजे. गावात रोख घेणारी बँक उरली नाही, आल्बेर्टेचं कार्ड अजून टपालात होतं. मग गेर्डा बसने शहरात गेली आणि तिथल्या मशीनमधून चौतीस हजार पाचशे क्रोनर स्वतःच्या खात्यात भरून आली. आणि मेजवानीचे फोटो, सोबत एकोणीसच्या एकोणीस कडव्यांचा कागद, तिने फेसबुकवर टाकला. सगळ्या जगाला दिसेल असा. पोरांना आठ मंगळवार सांगत होती, आपली माहिती उघड्यावर टाकू नका. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी त्या फोटोखाली लाल बदाम टाकला होता, हेही लिहून ठेवते.

पुढच्या बुधवारी सकाळी साडेदहाला तिला फोन आला. तो काय बोलला ते गेर्डाने मला नंतर इतक्यांदा सांगितलं की मला पाठ आहे.

"गेर्डाबाई थ्युबो ना? तीन नंबरच्या खिडकीवाल्या?" पोक्त आवाज, आमच्याच भागातला. "मी बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. आधीच सांगतो, कोड मला मुळीच सांगू नका. मी मागितला तरी सांगू नका."

गेर्डाचा जीव तिथेच विरघळला. इतक्या वर्षांत नियम पाळणारा एक तरी माणूस भेटला!

"आमच्याच बँकेतला एक जण ग्राहकांच्या खात्यांना हात लावतोय. आज तुमच्या खात्यावर डोळा आहे त्याचा. भाचीचे पैसे आहेत ना त्यात? ते सुरक्षित खात्यात हलवायला हवेत. खरं म्हणजे, बाई, आम्हाला तुमची मदत हवीये. जुन्या माणसांसारखी नजर आता आमच्याकडे कुणाला आहे?"

"ते मी तेव्हाच सांगत होते," गेर्डा म्हणाली म्हणे.

"घाई काहीच नाही. फक्त कुणाला बोलू नका, नाहीतर तो सावध होईल."

म्हणजे बघा, पहिला नियम त्याने स्वतः पाळला, दुसराही पाळला. गेर्डाने स्वतःच्या हाताने पैसे हलवले आणि मोबाइलवर अंगठा टेकवून मंजुरी दिली. दहा चाळीसला. दहा बेचाळीसला तिने त्याचा नंबर पुन्हा लावून पाहिला, सगळं नीट झालं ना विचारायला. तो नंबर अस्तित्वात नव्हता.

अकरा वाजता मी नेहमीसारखी कॉफीला गेले. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. एकटी बाई, आणि समोर चार किलोंची पिशवी.

"पलटण येतेय का जेवायला?" मी विचारलं.

"सॅलड करायचंय."

"कुणासाठी?"

दोनदा सुरी थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं कॉफी पातळ झाली म्हणून बघतेय. काहीतरी बोलायचं म्हणून मी पेपरमधली बातमी काढली. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याला फोनवरून लुबाडलं होतं. मी म्हणाले, "फोनवर फसतात ना, त्यांना फसायचंच असतं. इतकं बावळट असण्याबद्दल वर दंड करायला हवा."

गेर्डाने सुरी पुन्हा चालू केली. मी दुसरा कप घेतला, केकचा तुकडा खाल्ला आणि बाराला घरी आले.

दोन वाजता शाळेतून आल्बेर्टे सायकल मारत आली, हातात पाकीट. आमची कुंपणं बुटकी आहेत आणि माझी खिडकी उघडी होती, त्यामुळे यात ऐकायला माझा काही दोष नाही.

"आत्या! कार्ड आलं! आता टाक माझे पैसे माझ्याकडे!"

मग गेर्डाचा आवाज, मला ओळखू न येणारा. "आल्बेर्टे, पैसे नाहीत."

"म्हणजे?"

"गेले. सकाळी. मीच दिले."

पोरगी रडेल असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर आत्याचे बटाटे खिडकीबाहेर भिरकावले असते.

"किती वाजता?" आल्बेर्टेने विचारलं.

"दहा चाळीसला."

"आणि तू कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. तो म्हणाला सांगू नका. आणि मग… मग मला तोंड दाखवायची लाज वाटली गं."

"आत्या, तिसरा नियम काय आहे?"

"आल्बेर्टे—"

"म्हण."

आणि अडतीस वर्षं खिडकी राखलेल्या बाईने बाकावर उभ्या केलेल्या मुलीसारखा म्हटला. "फसलात आणि लाज वाटली, तर लाज वाटते म्हणूनच लगेच सांगा."

"फोन दे," आल्बेर्टे म्हणाली.

बँकेने पन्नास मिनिटं संगीत ऐकवलं. ग्राहक महत्त्वाचा आहे असं मध्ये मध्ये सांगितलंही. शेवटी एका माणसाने खाती गोठवली, पोलिसांत तक्रार द्यायला लावली आणि दोन दिवसांनी कळवलं की एकोणीस हजार वाटेतच अडवले. उरलेले साडेपंधरा हजार दुपारी एकच्या सुमारास पुढे गेले होते, कुणा सोळा वर्षांच्या पोराच्या खात्यातून, ज्याने ते पाचशे क्रोनरला वापरायला दिलं होतं. "बारापर्यंत फोन आला असता तर सगळेच वाचले असते," तो माणूस म्हणाला. डेन्मार्कच्या इतिहासात इतके महाग बटाटे कुणी सोलले नसतील, असं मी तेव्हा प्रेबेनला म्हणालेही. तो हसला. मी हसले नाही, कारण अकरा ते बारा त्या बटाट्यांसमोर कोण बसलं होतं ते मला माहीत होतं.

गेर्डाने हिवाळ्यात मदेइराच्या उबदार बेटावर जायचं म्हणून साठवलेले पैसे काढून भर घातली. एक जूनला शाळेची रक्कम गेली, ऑगस्टमध्ये आल्बेर्टे जहाजावर गेली. गावाने या प्रकरणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमचं गाव फार सभ्य आहे; तोंडावर कधीच काही बोलत नाही, त्यासाठी दुकानाची रांग असते. गेर्डाने पाद्रीणबाईंना सांगून टाकलं की पुढच्या वर्षी पोरांसाठी दुसरं कुणी बघा.

सप्टेंबरात तिला पासष्ट वर्षं झाली. सभागृहात चाळीस माणसं, टेबलांवर छोटे झेंडे. गाणं आल्बेर्टेने लिहिलं होतं, सुट्टी काढून आली होती, मी पियानोवर. बारा कडवी. खिडकी होती, सफरचंदाचं झाड होतं, पूडलही होते. मे महिन्यातला तो बुधवार तेवढा नव्हता. सगळ्यांनी ते ताडलं आणि सगळे जास्तच जोरात गायले. हुर्रे म्हणायला लोक उठणार, तोच गेर्डा उभी राहिली.

"एक कडवं राहिलंय," ती म्हणाली. "बोदिल, चाल धर."

तिला सूर नाही. कधीच नव्हता. ती गायली:

गोड बोलला चोर, म्हणाला, "बाई, तुम्ही हुशार!"
हुशारीने मी दिले त्याला साडेपंधरा हजार.
लाजेपायी तीन तास मी बटाटे सोलत बसले,
चौदा वर्षांच्या पोरीने मग माझेच नियम शिकवले.

मग आल्बेर्टे खुर्चीवर चढली आणि एकटीनेच हुर्रे म्हणाली, आणि त्यानंतर छप्पर उडेल असा आवाज झाला. पाद्रीणबाई टेबलापलीकडून ओरडल्या, "मंगळवार, गेर्डा! पुढच्या वर्षीचे मंगळवार तुझेच!"

मी पियानोचं झाकण लावलं. यावेळी खरंच लावण्यासारखं होतं. गेर्डा स्वयंपाकघरात कप धुवायला गेली होती, तिच्या मागे गेले. तिने पाहिलंही नाही.

"आठ हजार दोनशे," मी म्हणाले.

"काय?"

"पार्सल. एकोणीस क्रोनर भरायला सांगितलं होतं. मी दाबलं."

तिचे हात पाण्यात थांबले. "कधी?"

"फेब्रुवारीत."

ती हिशोब करत होती; बँकेतली बाई, तिला वेळ लागला नाही. "म्हणजे त्या बुधवारी, तू माझ्यासमोर बसून ते बोललीस, तेव्हा तुझं झालेलं होतं."

"हो," मी म्हणाले. "कुणालाच सांगितलं नाही, गेर्डा. आज पहिल्यांदा."

तिने ओले हात झटकले. मग पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं.

"मंगळवारी ये," ती म्हणाली. "आणि यावेळी मागे बसू नकोस."