फोटोतलं शिलाई मशीन

अक्का गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकच फोटो सापडला, तोही सरकारी.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. भडगावला निराधार बायकांना शिलाई मशीन वाटण्याचा कार्यक्रम होता. माझी ही थोरली बहीण तरुणपणीच विधवा झालेली. यादीत तिचं नाव आलं आणि गल्लीतल्या बायकांनी दिवाळीचे ब्लाउजपीस आधीच तिच्याकडे आणून टाकले. तिच्यावर भरवसाच तेवढा होता. मांडवात प्रत्येक बाईला मशीनवर हात ठेवायला लावून मंत्र्यांशेजारी फोटो काढले. टाळ्या संपल्यावर हमालांनी तीच मशीनं टेम्पोत चढवली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात वाटप होतं. अक्का टेम्पोमागे गेली, तेव्हा तुमचं घरपोच येईल, असं एक साहेब पान चघळत म्हणाले.

मशीन आलं नाही. टपालाने फोटोची प्रत मात्र आली.

मी तेव्हा धुळ्याला शिकवत होतो. रजा काढून जळगावच्या कचेरीत गेलो. कारकुनाने भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेच्या चौकटीत अक्का उभी होती.

"लाभ मिळालेला दिसतोय की," तो म्हणाला.

खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. खोट्याला चौकट करून त्यावर हार घालणारी जमात त्या कचेरीतच पाहिली.

गावाबद्दल माझं मत याहून वाईट आहे. तो फोटो पेपरातही छापून आला होता. शेजारणी दारात येऊन विचारू लागल्या, "अक्का, मशीन इकी टाकं का वं?" विकायला ते घरी आलंच नाही, हे ती सांगत राहिली. ज्या सरकारला या बायका नळाच्या पाण्यावरून रोज शिव्या घालत, त्याच सरकारचा फोटो त्यांना जन्माच्या शेजारणीपेक्षा खरा वाटला. बहुतेकींनी कापड परत नेलं. राहिले तेवढे ब्लाउज अक्काने हाताने शिवून दिले. पुढे तिच्याकडे कुणी शिवायला टाकलं नाही. ती कापूस वेचायला जाऊ लागली, ती शेवटपर्यंत.

अक्का गेल्यावर तोच फोटो मी स्टुडिओत नेला. मंत्र्याला कापता आलं. मशीन कापता येईना, अक्काचा हात त्यावर होता.

दहाव्याला त्याच शेजारणी आल्या. हार घातला, डोळे पुसले. त्यांतली एक म्हातारी फोटो निरखून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"नाना, आते तरी सांग. मशीन कोनले इकं व्हतं?"