लाडक्याकाकांचे दाणे

आमच्या आरोग्य केंद्रात रजिस्टरं किती आहेत, हे लिहून ठेवायला आणखी एक रजिस्टर लागेल! तापाचं वेगळं, लसींचं वेगळं, डासांच्या अळ्यांचंसुद्धा वेगळं. पण तलासरीच्या पाड्यांवर फिरताना जे किस्से जमतात, त्यांच्यासाठी एकही रकाना नाही. मी अठरा वर्षं आरोग्यसेविका आहे, रोज डहाणू रोडहून ये-जा करते, आणि माझ्याकडे रिपोर्टपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. दुपारच्या चहाला केंद्राच्या व्हरांड्यात आम्ही चौघं ते एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतो. डॉक्टर मॅडम, आरोग्यसेवक राऊतभाऊ, आशा कार्यकर्ती सविता आणि मी. सविता पाड्यावरचीच, त्यामुळे अर्धे किस्से तिच्या नातेवाइकांचे असतात.

*

सुरुवात राऊतभाऊंपासून करते, कारण ते समोर असले की करता येत नाही.

डासांच्या अळ्या खायला आम्ही पाण्याच्या टाक्यांमध्ये गप्पी मासे सोडतो. राऊतभाऊंनी पाड्यावरच्या सगळ्या टाक्यांमध्ये मासे सोडले, सगळ्यांना जमवून तासभर माहिती दिली आणि खुशीत परत आले. पुढच्या आठवड्यात जाऊन बघतात तर टाक्यांमध्ये एक मासा नाही!

"आजी, मासे कुठे गेले?"

म्हातारीने शांतपणे सांगितलं, "खाल्ले. चव बरी होती, पण काटेच फार. पुढच्या बारीला बोंबील आण ना भाऊ!"

 मग राऊतभाऊंनी नवे मासे नेले आणि प्रत्येक टाकीतले मासे त्या-त्या घरच्या मुलांच्या नावावर केले. हा सुरेशचा, हा पिंकीचा. आता टाकीत कोणी साधा तांब्या बुडवला तरी मुलं पहारा देतात. त्या पाड्यावर अळ्या शोधून सापडत नाहीत!

*

मच्छरदाण्यांचंही तसंच. आम्ही घरोघरी मच्छरदाण्या वाटल्या. महिन्याने तपासायला गेलो, तर एका घरात मच्छरदाणी कोंबड्यांच्या खुराड्यावर. छान ताणून, चारही बाजूंनी दोऱ्या बांधून!

मी म्हटलं, "अहो, ही माणसांसाठी आहे."

घरधनी म्हणाला, "पण बाय, आमच्या एकाही कोंबडीला हिवताप नाय आला!"

 सविता त्याची पुतणी. ती म्हणाली, "बरोबर हाय काका. मग आता पोरांना खुराड्यात झोपवा, न् कोंबड्यांना खाटेवर!"

आतून त्याची बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. आम्ही निघायच्या आत तिने मच्छरदाणी सोडवून धुवायला टाकली होती.

*

आता एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सविताच्या पाड्यावर जानी होती. गवत कापताना तिला घोणस चावली. नवऱ्याने तिला उचलून नेलं ते थेट लाडक्याकाकांच्या अंगणात. लाडक्याकाका म्हणजे पाड्याचे भगत. कोणी आजारी पडलं की ते सुपात तांदळाचे दाणे टाकतात, दाणे कसे पडले ते बघतात आणि काय करायचं ते सांगतात. त्यांच्या शब्दाबाहेर पाडा जात नाही. त्या दिवशी दाण्यांनी सांगितलं, इथेच ठेवा.

जानीला आमच्याकडे आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. सापाच्या विषावरचं इंजेक्शन माझ्या हातात तयार होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी घरी जाऊन खूप रडले. दुसऱ्या दिवशी मॅडम एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, या पाड्यावरून पुन्हा कोणी असं जाता कामा नये." लाडक्याकाकाही बरेच दिवस कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते, असं सविता सांगायची.

*

मग आमची साप-मोहीम सुरू झाली. भातशेतीत आणि घोलवडच्या चिकूच्या वाड्यांमध्ये काम करणाऱ्या बायकांसाठी मॅडमनी खटपट करून गमबूट मिळवले. बायकांना बूट भयंकर आवडले. आठवड्याने आम्ही शेतावर गेलो, तर सगळ्या अनवाणी!

आणि बाजाराच्या दिवशी बघते तर काय, सगळ्या ओळीने गमबूट घालून बांगड्या घेतायत! पुढे मंजुळा नावाची एक. तिला विचारलं, "अगं, हे शेतात घालायचे ना?"

मीच वेडी असल्यासारखं ती माझ्याकडे बघायला लागली. "नवे कोरे हायेत सिस्टर. शेतात चिखल लागंल ना!"

मॅडमनी पुढच्या भेटीत भाषण दिलं नाही. स्वतःचे नवे बूट घालून त्या सरळ चिखलात उतरल्या आणि पार माखून बाहेर आल्या. बूट जुने करायचा मान डॉक्टरीणबाईंनी घेतल्यावर मग सगळ्यांचे शेतात उतरले.

*

खरा गड होता लाडक्याकाकांचा. मॅडमनी त्यांना केंद्रात बोलावलं, खुर्ची दिली. ते जमिनीवरच बसले. मॅडमनी तक्ते लावले, साप दाखवले, घट्ट दोरी बांधू नका, चिरा मारू नका, हात-पाय हलू न देता लगेच आणा, सगळं सांगितलं.  शेवटी काका म्हणाले, "लोक मंत्र मागतात. त्याचं काय करू?"

मला वाटलं, आता वाद होणार. मॅडमनी विचारलं, "काका, मंत्र गाडीवर बसून म्हणता येतो?"

काका म्हणाले, "येतो. पण गाडी खड्ड्यांत नको घालू."

मग मॅडम बांबूच्या पट्टीने हात कसा बांधायचा ते दाखवायला लागल्या. काकांनी पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि राऊतभाऊंचा हात क्षणात बांधून टाकला. "बकरीचा पाय मोडला का असाच बांधतो मी. तू फार सावकाश बांधतेस."

*

गेल्या भातकापणीत, भर दुपारी, केंद्राच्या दारात आधी मंत्र ऐकू आला आणि मग मोटरसायकल दिसली! पुढे मंजुळाचा नवरा, मध्ये मंजुळा, मागे तिला धरून लाडक्याकाका. मंजुळाच्या पायात गमबूट होते, पण कणसं कापताना साप हाताला चावला होता. हात बांबूच्या पट्टीला नीट बांधलेला. दोरी नाही, चिरा नाही, आणि वेळ तर अजिबात गेलेला नाही.

मी धावत सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणलं. मॅडम खाटेजवळून हलल्या नाहीत. काका बाहेर व्हरांड्यात बसून राहिले, कोणी चहा दिला तरी घेईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाने डोळे उघडून पहिलं विचारलं, "माझे बूट कुठे हायेत?" मी बाहेर येऊन काकांना ते सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला, आणि मी त्यांच्यासमोरच रडले. आनंदाने रडायची या नोकरीत फार वेळा पाळी येत नाही.

पाड्याची रीत अशी, की माणूस बरा झाला की भगताला कोंबडा द्यायचा. मंजुळाच्या नवऱ्याने तो दिला. आठ दिवसांनी लाडक्याकाका तोच कोंबडा काखेत घेऊन केंद्रात हजर!

"हा घे," ते मॅडमना म्हणाले. "रस्ता माझा, सुई तुझी. मान तुझा."

मॅडम पक्क्या शाकाहारी. राऊतभाऊंनी कधी लसही उचलली नसेल एवढ्या तत्परतेने हात पुढे केले.

मॅडम हसत म्हणाल्या, "म्हणजे काका, या वेळी दाण्यांनी दवाखाना सांगितला?"

"हां. सगळे दाणे तुझ्याच बाजूला पडले."

"आणि दुसरीकडे पडले असते तर?"

लाडक्याकाकांनी कोंबडा राऊतभाऊंच्या हातात दिला, टोपी नीट केली आणि मॅडमकडे बघून म्हणाले, "दाणे टाकतं कोण, बाय?"