गार मगावरचा डोळा

काशीमीऱ्याच्या आमच्या गाळ्यात काळे मग बनतात. गरम पाणी ओतलं की त्यांवर चित्र उमटतं. कधी शंभर तोंडांचा नाग, कधी ताऱ्यांमधून खाली वाकलेलं, नुसत्या डोळ्यांचं काहीतरी. पाणी निवलं की चित्र जातं. असा एकेक मग तपासणं हे माझं काम. आठवीतच शाळा सुटलेली, परभणीहून आलेलो, मला दुसरं काम कोण देणार? म्हणून त्या चित्रांची भीती गिळून पाणी ओतत राहायचो.

उत्तनच्या कोळीवाड्यातली एक मावशी आमच्या दारात सुकट विकायला बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, पण आज इथे टिकलोय तो तिच्यामुळेच. माझा चेहरा उतरला की ती आत यायची आणि तो गरम मग दोन्ही हातांत धरून बसायची, तान्ह्या पोराला धरावं तसा. चित्र मावळलं की खाली ठेवायची.

एकदा मग गार पडला, तरी एक डोळा तसाच राहिला. मी सरकेन तिकडे तो बघतोय असं वाटायला लागलं.

"कोटिंगचा लोचा आहे, फेकून दे," शेठ म्हणाला.

माझा हात पुढे होईना. पिशवी भरून गावी पळायचं, एवढंच डोक्यात होतं.

मावशीनं तो मग उचलून पदराखाली घेतला. "माजेकडं दे. तू घरापासून लांब हाय, एकटा. माजं आख्खं गाव हाय."

दुसऱ्या दिवशी ती आल्यावर मी हळूच विचारलं, "मावशी, डोळा मिटला का?"

"न्हाय रे पोरा," सुकट पसरत ती म्हणाली. "पण आता तो मना बघतंय."