माझ्या कानाचं निदान गावंडे सरांनी केलं

"डाव्या कानाची नस गेली आहे," यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्रीचा आलेख समोर धरून सांगितलं. ऑडिओमेट्री म्हणजे आवाजबंद खोलीत बसवून कान किती ऐकतो ते मोजायची तपासणी. उजव्या कानाची रेघ वरून सरळ गेली होती. डाव्या कानाची कागदाच्या तळाशी पडली होती. आजाराचं नाव सडन सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस. आतल्या कानाचं ऐकणं अचानक निकामी होणं.

मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

टाइप करत होते. एवढंच मी सांगितलं. रडू आलं नाही, राग आला. तो अजून आहे, आणि हे मी त्याच रागात लिहिते आहे.

मी उमरखेडची. अब्बांचं तिथे ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. बी.एस्सी. झाल्यावर मी यवतमाळला येऊन मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकले. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासल्यावर जे बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचं. एक डॉक्टर नाकातून बोलणार, दुसरा जेवता जेवता. पायाखालच्या पेडलने आवाज मागे न्यायचा, पुन्हा ऐकायचं. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत गल्लत झाली तर औषधाचा डोस बदलतो, हे क्लासच्या बाईंनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं. काम मला आवडायचं. यवतमाळातच लोहाऱ्याच्या बाजूला एका ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा अब्बांनी दुकानावर येईल त्याला चहा पाजला.

एका सकाळी हेडफोनची डावी बाजू बंद पडली. वायर गेली असेल म्हणून मी दुसरा घेतला. तोही तसाच. मग तो उलटा घातला, डावा भाग उजव्या कानावर. आवाज स्वच्छ आला. हेडफोनला काही झालंच नव्हतं.

गावंडे सर आमचे शिफ्ट इनचार्ज. मी त्यांना सांगितलं, दवाखान्यात जाऊन येते म्हटलं. त्यांनी स्क्रीनवरची नजरही काढली नाही.

"मळ असन. तेल टाक अन् बस. एका कानानं बी टाइप होते."

काम तुंबलं होतं, कोणालाच सुट्टी नव्हती. मी बसले. माझ्या भाड्याच्या खोलीजवळच्या डॉक्टरांनी संध्याकाळी कानात न पाहताच ड्रॉप लिहून दिले, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. तो आठवडा संपायच्या आत कानात शिट्टी वाजायला लागली. खुर्चीतून उठलं की भिंती फिरायच्या. सरांना पुन्हा विचारलं, तर ते म्हणाले, चक्कर बायकांना येतच असते, नीट जेवत जा.

शेजारच्या टेबलावर वैशाली बसायची. एक दिवस तिने माझी खुर्चीच धरून वळवली.

"नाझनीन, कवाची हाका मारून राह्यली मी तुले. तुले ऐकूच येत नाही. हे मळ नाही."

तिने माझ्या फोनवरून अब्बांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी अब्बा पहिल्या एस.टी.ने आले. सरांना त्यांनी काही विचारलं नाही. मला हात धरून ऑटोत बसवलं आणि थेट कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

औषध म्हणजे स्टिरॉइड, आतली सूज उतरवणाऱ्या गोळ्या. त्यांनी फरक पडेना, तेव्हा इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन, म्हणजे कानाच्या पडद्यातून सुई घालून औषध थेट आत सोडणं. मग मान वळवून पडून राहायचं, बोलायचं नाही, गिळायचंही नाही. ते मला जमलं. बाहेर बाकड्यावर वाट पाहणं जमलं नाही. कंपाउंडर माझ्या डाव्या बाजूने नाव पुकारायचा, मला कळायचं नाही, आणि तो सगळ्यांसमोर ओरडायचा, "ऐकू येत नाही का?" कानाच्या दवाखान्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला काय म्हणावं? अब्बा दर वेळी उठून त्याला समजावायचे. मी मनात शिव्या द्यायचे, उर्दू आणि मराठी दोन्ही.

हे हेडफोनमुळे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. खरं सांगते, हो म्हणतील अशी माझी इच्छा होती.

"तसं सांगता येत नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही," ते म्हणाले. "पण पहिल्या एक-दोन दिवसांत आला असतात, तर संधी जास्त होती. खात्री तेव्हाही देता आली नसती."

म्हणजे ती संधीच गेली. किती मोठी होती, तेही आता कोणाला सांगता येणार नाही. शेवटची ऑडिओमेट्री झाली. डावी रेघ जागची हलली नव्हती.

नातेवाईक म्हणाले, एक कान तर वाचला, अल्लाचा शुक्र मान. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. कामावर परत गेले, कारण मला दुसरं काम नको होतं. गावंडे सर म्हणाले, "पाह्य, होते ना टाइप एका कानानं." ते खरंच होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

काही महिन्यांनी वैशालीने अचानक हेडफोन काढला आणि कान दाबून धरला. काहीतरी बंद झाल्यासारखं वाटते म्हणाली. मी माझ्या गाडीची किल्ली उचलली. सरांनी विचारलं, "अन् फाइल कोण पूर्ण करन?"

"तुम्ही करा," मी म्हटलं. सगळ्या टेबलांखालचे पेडल थांबले.

त्याच कानाच्या डॉक्टरांनी वैशालीचा कान तपासला. मळ होता. त्यांनी काढला, तिला लगेच ऐकू आलं. आम्ही परतलो तेव्हा सर दारातच उभे होते. मळच होता हे ऐकून त्यांना फार आनंद झाला. मी सांगितलं, "होता, सर. पण ते आम्हाले डॉक्टरनं सांगतलं." त्यांनी मला लेखी नोटीस दिली. पण त्यानंतर कोणी दवाखान्यात जाते म्हटलं, की ते काही बोलत नाहीत.

अब्बांचे आणि वैशालीचे उपकार मी विसरणार नाही. डॉक्टरांचेही, कारण त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. गावंडे सरांना मी माफ केलेलं नाही, आणि बरं होण्यासाठी ते करावंच लागतं असं मला वाटत नाही.

तुमचा एक कान अचानक बंद पडला, तर तेल टाकू नका, सुट्टी मिळायची वाट पाहू नका. हातातलं काम तसंच सोडून उठा. कुठे चाललात असं कोणी विचारलं, तर उत्तर द्यायला थांबू नका.