उभी विहीण

पोळ्या अर्ध्या लाटून झाल्या होत्या, नळाला पाणी आलेलं, कुकर शिट्टीवर आलेला, तेवढ्यात दारावर थाप पडली. तव्याखालचा गॅस बारीक करून दार उघडलं तर लीलाताई. आमच्याच गल्लीत ब्लाउज शिवतात. चेहरा पार उतरलेला.

"या, बसा."

"नका हो म्हणू बसा," त्या म्हणाल्या आणि भिंतीला खांदा टेकवून उभ्या राहिल्या.

त्यांचं दुखणं मला ठाऊक होतं. लेकीचं, अबोलीचं, लग्न ठरत आलेलं. ती एकदा म्हणाली, आई, साखरपुड्याच्या फोटोत तुझं पोट दिसणार बघ. झालं! लीलाताई मोबाईलमध्ये बघून पोटाचे व्यायाम करायला लागल्या. उताणं पडायचं, उठून बसायचं, परत पडायचं. तेही उघड्या शहाबादी फरशीवर. मी म्हटलं होतं, गोधडी तरी अंथरा. तर म्हणाल्या, "गोधडीवर केला तर तो व्यायाम कशाचा, ते लोळणंच की." फरशीवर घासून माकडहाड दुखावलं. वर दिवसभर मशीनवर बसणं. डॉक्टरांनी व्यायाम बंद करायला सांगितलं, कडक जागी बसू नका म्हणाले, आणि बरं व्हायला वेळ लागेल, हेही सांगितलं. तेव्हापासून फोमच्या उशीला मागून खाच कापून तिच्यावर बसून त्या शिवतात. थोडं शिवायचं, उठायचं, फेरी मारायची. गिऱ्हाइकं ओरडतात.

"जिंतूरला काय झालं?" मी विचारलं. मुलगा तिथला, विवेक. त्याची आई कुंदा माझी शाळेतली मैत्रीण, म्हणून स्थळ मीच सुचवलेलं.

"काय व्हायचंय. परभणीपासून एसटीत उभी राहून गेले. जागा होती तरी. कंडक्टर म्हणायला, मावशी, बसा की, तिकिटात सीट हाय." त्या कसंनुसं हसल्या. "तिथं गेल्यावर तर बसा बसा सुरूच. खुर्ची दिली, पाट दिला, गादी अंथरली. उशी न्यायची लाज वाटली, पोरीच्या सासरी काखेत उशी घेऊन कसं जावं? मी आपली तुळस बघितली, देवघर बघितलं. चहा उभ्यानंच पिले."

"अगं बाई!"

आमच्याकडे सोयऱ्याच्या घरी न टेकता निघणं म्हणजे रुसणंच. हे लीलाताईंनाही कळत होतं. पण भरल्या बैठकीत, व्याह्यांसमोर, कुठं दुखतं ते त्या कशा सांगणार?

"काल त्यांचा फोन आला. म्हणे, बाईंना घर पसंत न्हाई वाटतं, तारीख सध्या राहू द्या. आमच्या मालकांनी काय सांगावं? म्हणाले, तिची कंबर दुखती."

"मग?"

"मग काय! तुमची मैत्रीण म्हणाली, कंबर दुखणारी बाई आधी खुर्ची शोधती, ही तर खुर्ची सोडून पळायली."

मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण हसताना कळ गेली असावी; डोळे मिटून त्या तशाच थांबल्या. आत पोळी करपल्याचा वास सुटला. मी गॅस बंद करून आले.

"अबोली रात्री जेवली न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "मला काही बोलली न्हाई, पण जेवली न्हाई. तिला पोरगा आवडलाय हो. माझ्या पोटापायी तिचं मोडायला नको."

"तुम्हीच बोला ना कुंदाशी. बाईच आहे ती."

"फोन स्पीकरवर लय मोठ्यानं ठेवतात त्यांच्यात. सासरा, दीर, सगळे ऐकतात. मला जमायचं न्हाई." त्यांनी खांदा बदलून दुसरा भिंतीला लावला. "तुमी कुंदाताईंना एकटीला फोन लावा. सांगा, तिचं माकडहाड दुखायलंय, म्हणून ती बसली न्हाई. घर आवडलंय. एवढं सांगा."