हळदीचं फोल्डर

माझा माझ्या दिरावर राग आहे असं मी म्हटलं की ऐकणारे समजुतीने हसतात. दीर-भावजयीत चालायचंच, म्हणतात. म्हणून काय झालं ते एकदा नीट सांगते.

माझं माहेर वसईजवळच्या गिरीजचं. केळीची वाडी, विहिरीवर पंप, घरामागे आत्याचं घर. आत्या धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नांत भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचे वेगळे धवले असतात आणि ते तिने गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. आत्याला ते सगळे पाठ होते. तिला अक्षरओळख नव्हती. कुणी लिहून घेऊ का विचारलं तर म्हणायची, "लिवून काय करशील? चाल कशी लिवशील?"

नव्वदच्या दशकात, माझं लग्न व्हायच्या आधी, मांडवात बँड आणि ऑर्केस्ट्रा येऊ लागले. आत्याला बोलावणं यायचं, पण दोन धवले झाले की कोणीतरी म्हणायचं, बस, आता आवरा. तिची मुलगी, माझी आतेबहीण, गायला तयार नव्हती. तेव्हा मी भावाचा टेपरेकॉर्डर उचलला आणि आत्याच्या पडवीत जाऊन बसले.

"अगो, ह्या एवढ्याशा डब्यात सगली गानी मावतील?" तिने विचारलं.

"मावतील. तू गा."

तिने पाणी पिऊन, पदर नीट करून गायला सुरुवात केली. अख्खा उन्हाळा आम्ही ते केलं. कॅसेटमध्ये कोंबड्या आहेत, पंपाची घरघर आहे, मधेच "थांब, चुकली" आहे. होत्या, म्हणायला हवं.

दोन हजार सालानंतर आत्या गेली. तोपर्यंत मी लग्न होऊन वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहायला आले होते. नवरा अंधेरीला नोकरीला, मी जवळच्या एका शाळेत शिक्षिका. खाऱ्या हवेने कॅसेटींना पांढरी बुरशी धरली. एक वाजवताना फीत तुटली, तेव्हा मी घाबरले. घरात नुकताच कॉम्प्युटर आला होता. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून त्याला वायर जोडली आणि शाळेतून आल्यावर रोज थोडं थोडं आत घ्यायला लागले. तासभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागतो, आणि तेवढा वेळ खोलीत भांडं वाजवायचं नाही. फिती त्या एकदाच वाजल्या आणि मग चिकटून बसल्या. वाजल्या त्या मात्र सगळ्या उतरल्या. प्रत्येक विधीचं मी एक फोल्डर केलं. हळद, मांडव, तेलवण, वरात. आतल्या फाइलींना नावं कॉम्प्युटरनेच दिली होती, ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. प्रत्येक फोल्डरात पुन्हा एकपासून.

पुढच्या वर्षांत त्याच कॉम्प्युटरवर सगळं साठत गेलं. नवऱ्याने मित्रांकडून आणलेले सिनेमे, मुलीची कार्टून्स, नाटकं, सहलींचे फोटो. त्याने वायर ओढून तो टीव्हीला जोडला, आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवरही तेच दिसेल अशी सोय केली आणि पाहुण्यांना कौतुकाने सांगू लागला, "आमच्या घरचा सर्व्हर." सर्व्हर दिवसरात्र चालू. त्या काळात आमच्याकडे वीज रोज जायची, सांगून आणि न सांगताही. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा. शेवटी आतून टकटक आवाज यायला लागला.

दीर विरारला राहायचे आणि एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायचे. आवाज ऐकून ते म्हणाले, "डिस्क जाणार. सगळं नेटवर्क स्टोरेजवर टाकू या." एका रविवारी ते ती पेटी घेऊन आले. काळी, छोटी, आत दोन डिस्क. ती इंटरनेटच्या डब्याला जोडायची, कॉम्प्युटर बंद असला तरी टीव्हीवर सगळं दिसणार.

"आणि दोन डिस्क कशाला?" मी विचारलं.

"एकीचा आरसा दुसरी. एक मेली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं."

मला ते आवडलं. म्हणून मी जवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "भाऊजी, आत्याच्या फोल्डरांना हात लावू नका. ती मी स्वतः हलवीन. मला फक्त कसं करायचं ते दाखवा."

"वहिनी, तुम्ही चहा ठेवा. हे माझं रोजचं काम आहे."

नवरा हसला. मी चहा ठेवायला गेले. त्या चहाबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. घरात पाहुणा आला की बाई चहा ठेवते आणि मी स्पष्ट शब्दांत सांगून उठले होते.

संध्याकाळपर्यंत कॉपी झालं. टीव्हीवर सिनेमे दिसले, मुलगी खूश झाली. दिरांनी कॉम्प्युटरमध्ये नवी डिस्क बसवली आणि जुनी काढून पिशवीत टाकली. "टकटकते, पण किरकोळ कामाला चालेल मला," म्हणाले. मी विचारलं, "आत्याचं आलं ना सगळं?" ते म्हणाले, "सगळं आलंय." नवराही म्हणाला, "आलंय गं."

पुढच्या आठवड्यात आतेबहिणीचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. गावात गाणारं आता कोणी उरलं नव्हतं. "आयचा आवाज आहे ना तुझ्याकडे?" ती म्हणाली. "हळदीला तो लावू या. नातीच्या हळदीला ती नको का?"

ज्या बहिणीने कधी गायचं मनावर घेतलं नाही, ती हे मागत होती.  फोन ठेवून मी लगेच पेटी उघडली. 'संगीत' नावाचं एकच फोल्डर होतं. त्यात सिनेमाची गाणी, भजनं, बालगीतं एकत्र, आणि मधे ट्रॅक एक ते ट्रॅक अकरा. हळदीचं फोल्डर नाही. मांडव नाही. तेलवण नाही. ट्रॅक एक लावला. वरातीचा धवला. दोन लावला, वरातीचाच. अकराही वरातीचे.

काय झालं ते कळायला मला फार वेळ लागला नाही. एका नावाच्या फाइली एकाच फोल्डरात टाकल्या की कॉम्प्युटर विचारतो, जुनी पुसून नवी ठेवू का? प्रत्येक वेळी विचारतो. ते टाळायचं तर 'सगळ्यांना हो' म्हणायची सोय असते. हळदीच्या ट्रॅक एकवर मांडवाचा बसला, त्यावर तेलवणाचा, आणि शेवटी वरातीचा; वरातीच्या फाइलीच सगळ्यांत जास्त, म्हणून बाकीची एकही उरली नाही. आत्या आपल्याच आवाजाखाली गाडली गेली होती.

मी दिरांना फोन केला.

"अहो, फोल्डरात फोल्डर होते," ते म्हणाले. "टीव्हीवर शोधायला वैताग येतो. म्हणून गाणी सगळी एका जागी घेतली."

"मी हात लावू नका म्हटलं होतं."

"सगळ्यांना ट्रॅक एक, ट्रॅक दोन अशी नावं दिलीत तर असंच होणार, वहिनी. नावं नीट द्यायची."

नावांचं मी सोडून दिलं. मग विचारलं, "दुसऱ्या डिस्कवर असेल ना? आरशात?"

ते हसले. अजून ते हसणं माझ्या कानात आहे. "आरशात जे समोर आहे तेच दिसतं. इथे पुसलं की तिथेही पुसलं."

"आणि जुनी डिस्क?"

"ती मी फॉरमॅट केली. माझे सिनेमे टाकतोय तिच्यावर."

"टाकू नका. मी येतेय."

रिक्षाने स्टेशन आणि पुढे विरार. मी त्यांच्या दारात पोचले तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर कॉपी चालूच होतं. हिरवी पट्टी पुढे सरकत होती. फोनवर सांगूनही त्यांनी थांबवलं नव्हतं. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अहो, असं करतात का? डिस्क खराब होईल," ते म्हणाले.

"काढून द्या."

त्यांनी तोंड वाकडं करत ती काढून दिली. मी ती रुमालात गुंडाळून घरी आणली. आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम दिला. मी तो चालवला. फाइली नावाशिवाय परत आल्या, नुसते आकडे. एकेक उघडून ऐकावी लागली. काहींत नुसती खरखर. काहींत आत्या चांगली गात असायची आणि मधेच एखाद्या सिनेमातली मारामारी घुसायची. मांडवाचे काही पूर्ण मिळाले. तेलवणाचं काहीच नाही. हळदीचा एक धवला अर्धा आला. ओळ चढते, आत्या श्वास घेते आणि पुढे काही नाही.

त्या दिवसांत नवरा मला सारखा समजावत होता. "त्याने मुद्दाम केलं का? आपल्या भल्यासाठीच करत होता ना." मला विचाराल तर दिरापेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं. दिराला आत्या कोण हे माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं. मी वायर जोडून बसायचे तेव्हा तोच मुलीला घेऊन खाली बागेत जायचा, आवाज होऊ नये म्हणून.

मी त्याला म्हटलं, "तो चुकला एवढं तरी तू त्याला म्हणशील का?"

"आता म्हणून काय परत येणार आहे?"

"परत येण्यासाठी नाही म्हणायचं."

तो पेपर वाचायला लागला.

हळदीला आम्ही सगळे गिरीजला गेलो. दीरही आले, सोयरे म्हणून आमंत्रण होतं. मुलीला पाटावर बसवलं. मी लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि तो अर्धा धवला लावला. पंपाची घरघर ऐकून आतेबहिणीने पदर तोंडाशी धरला.  मग ओळ चढली, आत्याने श्वास घेतला आणि आवाज तुटला.

मागे बसलेल्या दोघी म्हाताऱ्यांनी पुढची ओळ धरायचा प्रयत्न केला. एक काही म्हणत होती, दुसरी दुसरंच. "तसं नाय गो, आधी हळदीची वाटी येते." "नाय नाय, आधी मामा येतो." त्यांचं जमेना. हात पिवळे करून बसलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तेवढ्यात डीजेवाल्याने काय समजायचं ते समजून आपलं गाणं लावलं. मुली नाचायला उठल्या. हळद लागून गेली.

जेवणाच्या रांगेत दीर माझ्या शेजारी आले. हातात ताट, ताटात वडे. म्हणाले, "बघा, मिळालं की थोडं तरी. मी म्हटलंच होतं, डेटा असा जात नाही."

मी ताट खाली ठेवलं. "भाऊजी, जे गेलं ते तुमच्यामुळे गेलं. मी नको म्हटलं असताना तुम्ही केलंत. विचारलं तेव्हा सगळं आलं म्हणालात, न बघता. नंतर नावांचा दोष मला दिलात. डिस्क परत मागितली तर मी दारात येईपर्यंत तिच्यावर सिनेमे टाकत होतात. मला तुमच्याकडून एक शब्द हवा होता. तो आजवर आला नाही."

आवाज चढवला नव्हता, तरी आजूबाजूचं बोलणं थांबलं. दीर वडे बघत राहिले. नवरा पुढे आला आणि माझा दंड धरून म्हणाला, "मांडवात नको. लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. "ही त्यांचीच गाणी होती."

दिरांनी ताट तसंच ठेवलं आणि निघून गेले. तो शब्द तेव्हाही आला नाही, नंतरही नाही.

घरी आल्यावर मी त्या पेटीचं इंग्रजी माहितीपुस्तक काढलं आणि शब्दकोश घेऊन बसले. कुणाला काय दिसेल, कोण काय पुसू शकेल, सगळं त्यात होतं. अवघड काहीच नव्हतं. मला चहा ठेवायला पाठवण्याइतकं तर नव्हतंच. मी पासवर्ड बदलला. आत्याचं जे उरलं होतं त्याला फक्त मला उघडेल असं कुलूप घातलं, प्रत्येक फाइलीला नाव दिलं आणि सीडीवर दोन प्रती काढून एक आतेबहिणीकडे नेऊन दिली.

गणपतीत दीर आले. सवयीने रिमोट घेतला, पेटीने पासवर्ड मागितला. त्यांनी भावाकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "तिला विचार." त्यांनी विचारलं नाही. टीव्हीवर बातम्या लावून बसले.

मग मी शोधायला लागले. आत्याच्या मागे बसून गाणाऱ्या बायकांपैकी एक गास गावात असल्याचं कळलं. मी रेकॉर्डर घेऊन गेले. म्हातारीने ओळख दिली, केळी दिली, आणि गायला साफ नकार दिला.

"लगीन नाय, मांडव नाय, धवला कसा गाऊ? रिकामा धवला गाऊ नये."

"माझी आत्या गायली होती."

"तुझी आत्या तुझ्यासाठी गायली. मी तुझी कोन?"

मी रेकॉर्डर पिशवीत ठेवला. तिने मोसमात लग्नं असतील तेव्हा ये म्हणून सांगितलं. मी गेले. एकदा गासला, एकदा अर्नाळ्याकडे. तिचे धवले वेगळे आहेत, चाल खालून सुटते, शब्द दुसरे. मिळाले तेवढे घेतले. हळदीचा तो पुढचा भाग तिलाही येत नाही.

प्रत्येक वेळी नवरा मोटारसायकलवरून सोडायला यायचा. न सांगता सुट्टी काढायचा. मांडवाच्या बाहेर, उन्हात, गाडीवर बसून राहायचा. बायका मला म्हणायच्या, त्याला आत बोलाव, पानी तरी घेऊ दे. मी पाणी बाहेर पाठवायचे. आत बोलावलं नाही.